गार खोलीतले डबे

वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात ना, तो ज्याला डोळ्यांनी बघायचा असेल त्याने रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाताना कातळाच्या सड्यावर उभं असलेलं ते काचेचं ऑफिस बघावं. नाव काय, तर 'हरित भवन'. हरित म्हणजे दारातल्या कुंड्यांत खोचलेलं प्लॅस्टिकचं गवत. सगळी काच पश्चिमेला, त्यामुळे दुपारी बारा वाजले की सूर्य न विचारता आत. आपल्याकडे शेळीसुद्धा भर दुपारी दगडी गडग्याच्या सावलीला जाऊन बसते. पण हे ज्याने बांधलं त्याला शेळीएवढीही अक्कल नव्हती, किंवा होती आणि त्याला तिथे बसायचं नव्हतं. एका निमसरकारी महामंडळाचं हे कार्यालय बांधून दोन वर्षं झाली होती आणि येत्या सोमवारी त्याला 'सर्वोत्तम हरित कार्यालय' म्हणून सन्मान मिळायचा होता.

तो सन्मान ज्या अहवालावर मिळायचा, तो अहवाल स्नेहल तांबेच्या बॅगेत होता. स्नेहल मूळची पूर्णगडजवळची, आता पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत कामाला. हरित म्हणवणाऱ्या इमारती खरोखर किती वीज खातात आणि त्यांच्यात बसणारी माणसं सुखात आहेत का, हे मोजणं तिचं काम. आजवर तिने मोजायचं आणि सही वरच्यांनी करायची असं चालायचं. या अहवालावर पहिल्यांदा तिचं स्वतःचं नाव होतं. आज सही करायची, इथल्या साहेबांची घ्यायची, आणि संध्याकाळी आईच्या हातची कोलंबी खायला घरी. एवढा साधा बेत होता.

दार ढकललं आणि आतला भपकारा नाकात शिरला. शी! ओली बुरशी, फिनेल, आणि पाणी वाचवायचं म्हणून पाणीच न सोडणाऱ्या मुताऱ्या. त्यावर कोणीतरी मोगऱ्याचा फवारा मारलेला, म्हणजे घाण ती घाण आणि वर वेणी माळलेली. याआधी दोनदा ती आली होती तेव्हा सकाळचे नऊ होते, दारं सताड उघडी होती आणि साहेबांनी शहाळं पुढे केलं होतं. आज ऑक्टोबरची दुपार होती आणि ती येणार हे कोणाला माहीत नव्हतं. जिना चढेपर्यंत तिच्या पाठीला कुर्ता चिकटला. छताच्या पांढऱ्या पट्ट्यांवर काळे डाग पसरले होते, आणि त्यांच्याखाली लोक रुमालाने मान पुसत बसले होते. भिंतीवर मात्र फलक होता: 'येथे निसर्ग श्वास घेतो.'

श्वास निसर्गच घेत असणार. माणसांच्या वाट्याला काही उरलेलं दिसत नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात रेकॉर्ड रूम होती. तिथल्या कमला घडशींना भेटायचं तिने ठरवूनच ठेवलं होतं, आणि त्याला कारण होतं. कर्मचाऱ्यांना सुखसोयींबद्दल जे प्रश्नपत्रक दिलं होतं त्याचे त्रेचाळीस कागद आले होते. बेचाळिसांवर 'अत्यंत समाधानी', सगळे एकाच निळ्या पेनने आणि एकाच वळणाने लिहिलेले. त्रेचाळिसावा कागद घडशीबाईंचा होता. 'आपल्या जागेवरील हवेबद्दल मत' या ओळीपुढे त्यांनी दोनच शब्द लिहिले होते: 'हवा नाही.'

रेकॉर्ड रूमच्या काचेवर उन्हासाठी तपकिरी कागद चिकटवलेला होता. त्या मळकट उजेडात मांडण्या, मांडण्यांवर फायली आणि फायलींवर हिरवी मऊ बुरशी. या इमारतीत खरोखर हिरवं असं काही असेल तर तेवढंच. मधल्या टेबलाशी पंचावन्न वर्षांची एक बारकी बाई बसली होती. स्नेहल दारात उभी असतानाच दिवा फटकन गेला. बाईंनी मान वर न करता एक हात डोक्यावर नेऊन हलवला आणि दिवा परत आला.

"माणूस हलला नाही की दिवा समजतो, माणूस मेला," घडशीबाई म्हणाल्या. "या, मॅडम. बसा. खुर्ची पुसून बसा हां, बुरशी लागेल."

"तुम्ही फायली सडल्या म्हणून तक्रार नाही केलीत?"

"तक्रार कसली? भाद्रपद सरला की घरच्या गोधड्यांना दाखवतो तसं मी फायलींना ऊन दाखवायचे. मागच्या कातळावर पसरायच्या, वर एकेक दगड ठेवायचा. साहेब म्हणाले, इमारतीची शोभा जाते. बंद झालं ते." एवढं बोलून त्यांना धाप लागली. त्यांनी ड्रॉवरमधून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. छातीतली शीळ स्नेहलला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होती.

जरा बरं वाटल्यावर बाईंनी एक कागद पुढे सरकवला. ऑगस्टमध्ये त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं, त्या खोलीत पुन्हा बसू नका, पुढचा झटका आला तर इथवर पोचाल याची हमी नाही. त्यावर बाईंनी अर्ज केला होता. मागणं एवढंच, की रेकॉर्ड रूमची एक काच उघडती करा, नाहीतर खाली उत्तरेच्या व्हरांड्याशी टेबल द्या. कालच त्याचं उत्तर आलं होतं. स्नेहलने वाचलं:

'त्रयस्थ संस्थेने केलेल्या शास्त्रीय मोजमापानुसार सदर कक्षाचे सरासरी तापमान २२.४ अंश असून हवा उत्तम प्रतीची असल्याचे आढळून आले आहे. सबब आपली तक्रार निराधार ठरत असून विनंती अमान्य करण्यात येत आहे.'

"हे आकडे तुमचेच ना, मॅडम?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

स्नेहलने बॅगेतून हातात धरायचं मोजयंत्र काढून टेबलावर ठेवलं. तापमान चौतीस. दमटपणा ऐंशीला टेकलेला. माणसांनी सोडलेल्या शिळ्या हवेचा आकडा हजाराच्या पुढे गेला की डोकं जड होतं. इथे तो एकवीसशे होता. बावीस पॉइंट चार म्हणे! तिने तो कागद पुन्हा वाचला.

गेल्या महिन्यात पंधरा दिवस या खोलीत, याच टेबलावर, तिने एक डबा ठेवला होता. दर दहा मिनिटांनी हवा मोजून लिहून ठेवणारं ते छोटं यंत्र. असे सहा डबे तिने इमारतभर ठेवले होते. तिने तिथेच लॅपटॉप उघडला आणि सरासरी सोडून, जे आधीच बघायला हवं होतं ते बघितलं, पूर्ण आलेख. पहिल्या दिवशी दोन तास रेघ वर होती. मग खाली येऊन पंधरा दिवस सपाट, रात्र नाही की दुपार नाही. शेवटच्या सकाळी पुन्हा वर. सहाही डब्यांची तीच गत. ऊनच न लागणारी, माणूसच न येणारी ही कुठली जागा? आणि हे कळायला इंजिनिअर व्हायला लागत नाही, शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. पण पुण्याहून तिच्या वरिष्ठांनी, शुभंकर सरांनी, फोनवर सांगितलं, "सरासरी पाठवून दे पटकन," आणि तिने न बघताच पाठवून दिली, त्यांना आणि इथल्या साहेबांनाही. आकडा छान होता ना! छान आकड्याकडे कोण वाकून बघतं? तिला त्या बुरशीची आली नव्हती एवढी शिसारी आता स्वतःची आली.

"बाई, माझा डबा इथेच होता ना?"

"पहिल्या दिवशी होता. मग सखारामने नेला. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

सखाराम गोरिवले हा तिथला शिपाई. निवृत्तीला सात महिने राहिलेला, पांढऱ्या शर्टाची घडी न मोडणारा. जिन्याखालीच सापडला. स्नेहलने विचारताच त्याचा चेहरा खुलला.

"या, दाखवतो ना!" म्हणत तो तिला तळमजल्यावरच्या सर्व्हरच्या खोलीपाशी घेऊन गेला. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं मुख्य यंत्र तिथे होतं. त्याला रात्रंदिवस स्वतःचा एसी. दार उघडताच गारवा अंगावर आला. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण सखारामने उघडला. आत घडी घातलेला धुतलेला पंचा आणि चार डांबरगोळ्या.

"इथे ठेवलेले सगळे. तुम्हीच बोललात ना, काका, पंचवीस हजारांचा एक डबा हाय, जिवापाड जपा. आता वरती तां कसां टिकनार, मॅडम? ती गरमी, तो दमटपणा! आमच्याकडे मोबाईल भिजला तर तांदळाच्या डब्यात घालतात. आधी मी तांदूळच आननार व्हतो. मग म्हटलं, ही खोली काय वाईट? रोज सकाळी फडक्यानं पुसायचो हां. तुम्ही येनार त्या दिवशी परत जागच्या जागी मांडले. एकालाही डाग नाय, बघितलेत ना?"

जपा, असं स्नेहलच म्हणाली होती. कशाला ठेवलेत ते मात्र तिने सांगितलं नव्हतं, कारण शिपायाला काय सांगायचं!

"काका, या खोलीची चावी कुणाकडे असते?"

"साहेबांच्या टेबलावर. मघाशी झाडायला आणलेली, खिशात हाय. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कशाला रे? मी सांगितलं. साहेब खूप हसले. बोलले, शाब्बास सखाराम, तिथेच असू देत."

पालांडे साहेबांची केबिन गार होती. त्या एसीला वेगळा मीटर होता, 'पाहुण्यांसाठी' म्हणून, आणि तो मोजणीत धरायचा नसतो असं त्यांनी मागेच सांगितलं होतं. तेव्हा तिला तेही चाललं होतं. साहेब जेवून बसले होते आणि काडीने दात कोरत होते. काडीच्या टोकाला जे आलं ते त्यांनी निरखून बघितलं, टेबलाच्या कडेला पुसलं आणि त्याच हाताने कोकम सरबताचा ग्लास तिच्याकडे सरकवला. स्नेहलने ग्लासाला बोट लावलं नाही.

"साहेब, डबे पंधरा दिवस सर्व्हरच्या खोलीत होते. तुम्हाला माहीत होतं."

"मला?" साहेब हसले. "तांबेमॅडम, यंत्रं तुमची, आकडे तुमचे, अहवाल तुमचा. आम्ही काय, अडाणी माणसं."

"वर चौतीस अंश आहे. ताजी हवा आत आणणारा पंखा आठ महिने बंद आहे, आत्ता नोंदवही बघून आले. एसी अठ्ठावीसच्या खाली येऊ नये म्हणून कुलूप घातलंय."

"मग वीज वाचते ती काय आपोआप? सगळ्या जिल्ह्यात आमच्याएवढं कमी बिल कुणाचं नाही. हे तुम्हीच लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट, याचा आकडा तिने स्वतः ठळक केला होता. वीज वाचली होती यात खोटं काही नव्हतं. त्रेचाळीस माणसांचा श्वास तोडून वाचवली होती, एवढंच तिने लिहिलं नव्हतं.

"मी पुन्हा मोजणार. अहवाल मागे घेते."

साहेबांनी काडी खाली ठेवली. "घ्या की. मग मलाही माझं काम करावं लागेल. त्रयस्थ संस्थेच्या यंत्रांशी छेडछाड, कोणी केली? सखाराम गोरिवलेने. आजच निलंबन. चौकशी निघाली की सात महिने कुठे जातात कळत नाही, आणि पेन्शन लटकते ती लटकतेच. गरीब माणूस आहे हो. बघा, तुमच्या सहीवर आहे."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर बोंबही मारत नव्हता. गारव्यात बसून ढेकर देत होता. स्नेहल बाहेर आली आणि तिने शुभंकर सरांना फोन लावला.

"आकडे यंत्रातलेच आहेत ना?" सर म्हणाले. "मग झालं. यंत्र कुठे ठेवलं हे बघणं क्लायंटचं काम. सही कर आणि मोकळी हो. तुझं गाव आहे ना ते? दोन दिवस राहून ये, मासे खा."

तिने फोन बंद केला. जिन्यावर थुंकायची तिला कधी नव्हे ती इच्छा झाली. मोगऱ्याच्या फवाऱ्यात तेवढीच भर.

वर रेकॉर्ड रूममध्ये घडशीबाई आणि सखाराम जेवणाचे डबे उघडून बसले होते. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेली, तीस वर्षं एकत्र जेवणारी. सखाराम आपल्या डब्यातला लोणच्यासारख्या तिखट सुकटीचा ढीग बाईंच्या झाकणावर काढत होता. स्नेहलने खुर्ची पुसली नाही, तशीच बसली आणि सगळं सांगितलं. डबे हवा मोजायला होते, ही गोष्ट. त्या आकड्यांवर बाईंचा अर्ज फेटाळला, ही गोष्ट. अहवाल मागे घेतला तर साहेब कुणाला धरणार, ही पण. गोड करून सांगावं असं त्यात काही नव्हतं.

सखारामचा घास हातातच राहिला.

आधी बाई बोलल्या. "सही कर गो बाय," त्या म्हणाल्या. मॅडम म्हणायचं विसरल्या. "ह्याची पेन्शन नको घालवू. लेक बाळंतपणाला आलीय ह्याची. माझी तीन वर्षं राहिलीत, काढीन कशीतरी. पंप आहे."

"बाई, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर सांगतातच."

कोणी हललं नाही, त्यामुळे दिवा फटकन गेला. बाईंनी हात वर नेला नाही. तपकिरी कागदाच्या त्या मळक्या अंधारात त्यांच्या छातीतली शीळ तेवढी ऐकू येत होती.

"बाई," सखाराम म्हणाला. "त्या मंगळवारी तुमाला धाप लागली, तुम्ही बेल मारलीत. मी उशिरा आलो, आठवतं? तुम्ही विचारलंत, कुठे होतास रे. मी बोललो, कामात होतो." तो थांबला. "खाली होतो. डबे पुसत."

त्याने हात झटकला आणि दिवा आला. मग तो उठला, नळावर हात धुऊन आला, शर्टाला पुसले आणि स्नेहलसमोर हात पसरला. "एक कागद द्या, मॅडम. आणि पेन. निळा नको, काळा द्या."

सातवी शिकलेला माणूस. ओठ हलवत, एकेक अक्षर उभं करत त्याने अर्धं पान लिहिलं. लिहिताना एकदाही वर बघितलं नाही. स्नेहलने कागद हातात घेतला.

'मी सखाराम गोरिवले, शिपाई, लिहून देतो की मॅडमची सहा यंत्रे मीच सर्व्हरच्या खोलीत ठेवली. साहेबांना मी ते सांगितले होते व साहेबांनी हो म्हटले. रेकॉर्ड रूममध्ये यंत्र खराब होईल हे मला पहिल्याच दिवशी कळले, म्हणून मी ते त्याच दिवशी हलवले. घडशीबाई त्याच टेबलावर दोन वर्षे बसतात. त्यांना हलवावे असे माझ्या मनात आले नाही. माझा गुन्हा आहे तो हा आहे. दुसरा नाही.'

"काका, हे मी अहवालाला जोडलं तर..."

"जोडायलाच लिवलाय."

"सखाराम, फाड तो कागद," बाई म्हणाल्या आणि खोकायला लागल्या. खोकला थांबेना. पंप ओढला, पुन्हा ओढला. सखारामने तो थांबेपर्यंत वाट बघितली. मग त्याने खिशातून सर्व्हरच्या खोलीची चावी काढून टेबलावर ठेवली. बाईंचा जेवणाचा डबा, पंप, चष्मा, उघडी फाईल, सगळं ड्रॉवरमध्ये नीट भरलं.

"अरे, काय करतोस?"

"तिथे बावीस पॉइंट चार हाय," सखाराम म्हणाला. "मॅडमनी मोजलंय. सरकारी कागदावर आलंय."

त्याने वाकून टेबलाची एक कड उचलली आणि स्नेहलकडे बघितलं.

"त्या टोकाला हात लावा, मॅडम. जपून हां."

स्नेहलने बॅगेतला अहवाल काढला, सहीचं पान टरकावलं, उरलेल्या कागदांवर सखारामचा कागद ठेवून ते सगळं बाईंच्या हातात दिलं, आणि टेबलाचं दुसरं टोक उचललं.